एक तास चाळीस मिनिटांवरचं माहेर

बंगलोर आमच्या करडीला साकोलीपेक्षा जवळ आहे, हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी किती जणांना ऐकवलं याची मोजणी नाही. आणि 'मोजणी नाही' असं मी म्हणतो तेव्हा ती गंभीर बाब समजावी. उभी नोकरी मी लोकांची शेतं मोजण्यात घालवली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणारे भाऊ माझ्या साखळीकडे डोळे लावून बसायचे. साखळी गेली, मशीन आलं, मी निवृत्त झालो, पण मोजायची खोड गेली नाही.

करडीहून साकोलीला एसटीनं जायचं म्हणजे मधे गाडी बदलावी लागते, आणि जी गाडी धरायची ती आपण पोचायच्या जरा आधीच गेलेली असते. दोन-अडीच तास कुठे गेले नाहीत. उलट नागपूर विमानतळ ते बंगलोर विमानतळ, सरळ रेषेत साधारण आठशे नव्वद किलोमीटर, वेळ एक तास चाळीस मिनिटं. आमची प्रज्ञा लग्न होऊन तिकडे निघाली, तेव्हा तिची आई डोळ्याला पदर लावून उभी होती. मी खिशातून चिठ्ठी काढली आणि हे आकडे तिला खड्या आवाजात वाचून दाखवले.

सुमननं नाक पुसलं. म्हणाली, "मंग रोज जाऊन येत जा."

तीन वर्षांत मी एकदाही गेलो नाही.

आता ज्यांना आमच्याकडची मंडई ठाऊक नाही त्यांच्यासाठी. दिवाळी आटोपली, की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. मिठाईची दुकानं, आकाशपाळणे, रात्री नाटक. पण ही झाली बाहेरची मंडई. घरातली मंडई म्हणजे लेकी माहेरी येतात. आणि लेक आपली आपण येत नाही, तिला आणायला माणूस जातो. बाप जातो, भाऊ जातो, कोणीच नसेल तर शेजारचा काका जातो. गेलेल्यानं तिच्या घरी जेवायचं, एक मुक्काम करायचा, आणि निघताना तिची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. माझ्या आजोबांनी माझ्या आत्याची पिशवी पवनीच्या सासरहून एसटीनं, आणि फाट्यापासून खांद्यावर आणलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. आत्या मागून मोकळ्या हातांनी चालत होती, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "बाबा आले होते आणाले."

प्रज्ञाला मी दर वर्षी फोन करायचो. "तिकीट पाठवून राहिलो. ये. एक तास चाळीस मिनिटं." ती म्हणायची, "सुट्टी नाही बाबा." विषय संपला.

यंदा दिवाळीच्या आधी सुमन सुपात लाखोळीची डाळ पाखडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तीन मंडया झाल्या. पोरगी आली नाई."

"तिले सुट्टीच नसते तं मी काय करू?"

"तिले आणाले कोण गेलं?"

"अवो, विमान हाये नं! बसली का उतरली."

"विमान काय तिचा बाप हाये का?" सुपाचा आवाज थांबला. "ऐका. तुमी आणाले जात असान तं वडे होतीन. नाई तं यंदा मंडईत घरी वडे नाई."

लाखोळीच्या डाळीचे वडे सुमन वर्षातून दोनदाच करते. मी दुसऱ्या दिवशी साकोलीला गेलो.

साकोलीला का? तर माझ्या जुन्या ऑफिससमोर एक कॉम्प्युटरवाला बसतो, त्याच्यावर माझा भरवसा. त्यानं विचारलं, "काका, किती जणं?"

"एक."

"जाणं-येणं?"

"दोन्ही. जाणं गुरुवार, येणं शनिवार." मंडई रविवारी होती. मी सगळा हिशेब नीट बसवला होता.

घरी सुमन म्हणाली, "तिकिटं बरोबर काढली नं?" मी म्हणालो, "उभी हयात मोजणी केली मी. तू मले शिकवू नोको." हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मला ते विसरता येत नाही म्हणून सांगतो.

नागपूर

गुरुवारी सकाळी सहाला घर सोडलं. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि खाण्याची दुसरी. खाण्याच्या पिशवीत वड्यांचा डबा आणि आदल्या दिवशी तळ्यातून काढलेले शिंगाडे. प्रज्ञा लहानपणी तळ्याच्या पाळीवर बसून उकडलेले शिंगाडे खायची आणि सालींचा ढीग माझ्या चपलेत लपवायची.

विमानतळावर पिशवी तपासणीच्या पेटीतून गेली आणि पट्टा थांबला. गणवेशातला जवान पडद्याकडे वाकून पाहू लागला. मीही वाकलो. पडद्यावर माझे शिंगाडे दिसत होते. प्रत्येकाला दोन-दोन शिंगं. खरं सांगतो, त्या काळ्या-निळ्या उजेडात ते मलाही धोकादायक वाटले.

"ये क्या है?"

"शिंगाडा साहब. तालाब का. बेटी के लिए."

त्यानं पिशवी उघडली, एक शिंगाडा बोटांत धरून फिरवला. मी मनात वकील शोधत होतो.

"कच्चा है या उबला हुआ?"

"कच्चा."

"ठीक किया. उबला ले जाते तो बास मारता." त्यानं शिंगाडा अलगद परत ठेवला, पिशवीचं तोंडसुद्धा बांधून दिलं. "हमारे गाँव में भी तालाब है. दो साल से गया नहीं. जाइए, बेटी को खिलाइए."

मी त्याला दोन देऊ केले. ड्यूटीवर चालत नाही म्हणाला. त्याच्या गावापासून नागपूरचं हवाई अंतर किती, हे सांगायची मला उबळ आली होती. कसं कोण जाणे, गिळली.

वरती

माझ्या शेजारी वंदनाबाई नावाच्या एक नर्स बसल्या होत्या. आमच्याच जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या निघाल्या. बंगलोरच्या एका दवाखान्यात नोकरी. मी त्यांना अंतर आणि वेळ सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, नर्सेस पेशंटचं ऐकतात तशी.

विमान धावू लागलं, तेव्हा मी खुर्चीचा हात गच्च धरला. विमान वर जाऊन सरळ झाल्यावर वंदनाबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, आता सोडा. माह्या बोटाईले मुंग्या आल्या." तो खुर्चीचा हात नव्हता.

लाज झाकायला मी खिडकीतून खाली बघू लागलो. वरून शेतं पाहणं हे माझ्या धंद्यातल्या माणसाचं स्वप्न. जन्मभर जे धुरे चिखलातून चालत मोजले, ते एका नजरेत! तेवढ्यात एक मोठं तळं चमकलं. मी ओरडलोच, "ते पाहा, आमच्या करडीकडचं तळं!"

"भाऊ," वंदनाबाई म्हणाल्या, "करडी तिकडं मागं राहिली. विमान दक्षिणेले जाऊन राहिलं."

हुद्दा मी त्यांना आधीच सांगून बसलो होतो, हे माझं दुर्दैव.

मग त्यांनी सांगितलं की त्याही मंडईलाच गेल्या होत्या. भाऊ आणायला आला होता. "बंगलोरपर्यंत?" मी विचारलं.

"मंग? रेल्वेनं आला. दोन दिवस माह्या घरी राहिला, सगळ्या इडल्यांले नावं ठेवली, अन् घेऊन गेला. जाताना आता एकटी, कारण ड्यूटी हाये. पण विमानतळापर्यंत पोचवाले आलाच. आतमधी नाई सोडत म्हणून काचेतून हात करून राहिला होता." त्या हसल्या. "तुमचं पहिल्यांदाच का जी?"

"विमानात बसणं?"

"आणाले येणं."

मी घड्याळाकडे पाहिलं. "हव," म्हणालो.

चाकं जमिनीला लागली तेव्हा एक तास छत्तीस मिनिटं झाली होती. आकडा माझा चुकला नव्हता, उलट चार मिनिटं शिल्लक होती. माझ्या आकड्यांत कधी चूक नसते.

बंगलोर

विमानतळापासून प्रज्ञाचं घर गाठायला विमानापेक्षा जास्त वेळ लागला. ती न्यायला आली होती. दारातून बाहेर पडलो, तर एवढ्या गर्दीत ती टाचा उंचावून उभी, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या आईसारखी. पाया पडली, आणि आधी खाण्याची पिशवी चाचपली. "टोचते! शिंगाडे आणले!" मग गाडीत सिग्नलमागून सिग्नल. घरी पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते.

"सकाळी कितीले निघाले बाबा?"

"सहाले."

ती बोटांवर मोजू लागली. "म्हणजे एक तास चाळीस मिनिटाले तेरा तास लागतात."

जावईबापू आनंदराव नागपूरचे, शांत स्वभावाचे. ते हसू लपवायला स्वयंपाकघरात गेले.

शुक्रवारी प्रज्ञानं सुट्टी घेतली. सकाळी इडली, दुपारी भात, मधल्या वेळी डोसा. इथली माणसं आपल्यासारखीच तांदळाची, एवढं मला पटलं. फरक इतकाच की आपण तांदूळ शिजवून सोडून देतो, आणि हे लोक त्याला भिजवतात, वाटतात, आंबवतात, नाना तऱ्हांनी दमवतात. खालच्या मजल्यावरच्या कानडी आजी उकडलेला शिंगाडा हातात घेऊन खूप वेळ हसल्या, मग सोलायचा कसा ते प्रज्ञाकडून शिकल्या. प्रज्ञानं त्यांना काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. आजींनी मला हात जोडले.

"काय सांगतलं?"

"काही नाही. बाबा आणायला आले, एवढंच."

दाराशी तिची चाकांची बॅग भरून उभी होती.

दुपारी जेवण झाल्यावर आनंदराव म्हणाले, "बाबा, तिकीट द्या. उद्याचा बोर्डिंग पास काढून ठेवतो." मी ऐटीत कागद दिला. त्यांनी वाचला, उलटा केला, परत सुलटा केला.

"बाबा, हे तर एकाचंच आहे."

"मग? माझंच हाये ते."

"आणि प्रज्ञाचं?"

आता माझ्या डोक्यात काय होतं ते प्रामाणिकपणे लिहितो. आमच्याकडे आणायला एक जण जातो आणि येताना दोघं येतात. येतानाचं दुसरं तिकीट गाडीत चढल्यावर कंडक्टर फाडतो. जन्मभर मी हेच पाहिलं. आजोबांनी आत्याचं आगाऊ तिकीट काढलं होतं काय? लेकीला आणायला मी विमानानं बंगलोरला आलो होतो, आणि मनातल्या मनात पवनीच्या एसटीत बसून परत निघालो होतो.

आनंदरावांनी फोनवर शोधलं. शनिवारचं माझं विमान भरलेलं. पुढची सरळ विमानातली जागा सोमवारी, म्हणजे मंडई उलटल्यावर. एक मात्र होतं, हैदराबादवरून फिरून येणारं. शनिवारीच, माझ्यामागून चार तासांनी नागपूरला पोचणारं.

माझ्यातला मोजणीदार लगेच उठून बसला. "मग झालं तं! मी माह्या विमानानं पुढं जातो, तू हैदराबादवरून ये. मी नागपूरले थांबतो. फक्त चार तासाचा फरक!"

प्रज्ञा म्हणाली, "हव. तसंच करू." आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेला डबा पुन्हा घासू लागली.

आनंदराव माझ्याजवळ सरकले. हळूच म्हणाले, "बाबा, ती बॅग मंगळवारपासून भरून आहे. रोज येता-जाता तिला ठेचकाळतो मी. हलवू देत नाही."

मी बॅगेकडे पाहिलं. प्रज्ञा हैदराबादवरून आली, तर ही बॅग कोण उचलणार? ती स्वतः ओढत नेणार. चाकं आहेत, ओढली जाईल. पेटीतून काढणार, पट्ट्यावरून उचलणार, गाडी बदलणार. आणि मी नागपूरला मोकळ्या हातांनी उभा राहून घड्याळ बघणार. माझ्या आजोबांना अक्षर येत नव्हतं, पण ही मोजणी त्यांना जमायची.

"आनंदराव, माझं तिकीट फाडा."

"बाबा, ते फाडता येत नाही. रद्द करावं लागतं."

"मंग रद्द करा. अन् रेल्वे पाहा. दोघांची."

आतला डबा घासायचा आवाज थांबला.

वाटेत

संध्याकाळच्या गाडीचं एकच काही मिळालं, आरएसी. ज्यांनी हा प्रकार भोगला नाही त्यांना सांगतो. बाजूची एकच खालची जागा दोघांना मिळते. दोघांनी समोरासमोर बसायचं, गुडघ्याला गुडघा लागतो, झोपायचं तर एकानं आधी कुठले पाय कुठे जातील याचा नकाशा काढावा लागतो. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, मोजणी करा." मी बोटांनी मधोमध रेघ मारली. पहाटे उठलो तर तिचे पाय माझ्या हद्दीत दोन वीत आत आलेले, आणि माझी शाल तिच्या अंगावर. अतिक्रमण मी कायम केलं.

उजाडलं तसं खिडकीबाहेर तेलंगण लागलं. तळी, पाळी, कापलेल्या धानाचे ढीग. आपलाच मुलूख कोणीतरी उचलून इथे मांडल्यासारखा. चहा घेतला. डब्यातला शेवटचा वडा आम्ही अर्धा-अर्धा केला. तिनं मोठा अर्धा मला दिला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाली,

"बाबा, पहिल्या मंडईले मले सुट्टी होती."

मी वडा खाली ठेवला.

"चार दिवसाची घेतली होती. बॅग भरली होती. खालच्या आजीले पण सांगून ठेवलं होतं, माझे बाबा येऊन राहिले म्हणून. मंग तुमचा फोन आला. तिकीट पाठवतो, एकटीच ये, एक तास चाळीस मिनिटं लागतात." ती बोटानं काचेवरची वाफ पुसत होती. "मी म्हटलं, सुट्टी नाही. मंग दर साली तेच म्हटलं. मले वाटलं, एखाद्या साली तं तुमी म्हणान, खोटं बोलून राहिली पोरगी, चाल, जाऊन पाहतो."

काल कानडी आजींनी मला हात का जोडले, ते आता कळलं. तीन वर्षांपासून त्या माझी वाट पाहत होत्या.

शेतात मोजणी चुकली तर फेरमोजणीचा अर्ज करता येतो. मी तसाच केला. "पोरी, खरं सांगू का? मले विमानाची भीती वाटते."

ती वळली.

"तुह्या मायलेसुद्धा माहीत नाई. मी इकडे तिकडे आकडे सांगत फिरलो, लोकाईले वाटावं, हा रोज उडते. येताना कोंढ्याच्या एका बाईचा हात इतका दाबला, का तिच्या बोटाले मुंग्या आल्या."

"मंग रेल्वेनं यायचं होतं!"

"एवढं एक तास चाळीस मिनिटं म्हटल्यावर रेल्वेनं कोणत्या तोंडानं येऊ?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग जी हसायला लागली ती थांबेचना. समोरच्या बर्थवरची म्हातारीसुद्धा कारण न समजता हसू लागली. हसता हसता प्रज्ञाच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. तेव्हा मी तिचा हात धरला. या खेपेला बघून, नीट, तिचाच.

"तीन साल, बाबा," ती म्हणाली.

"हव."

"भित्रे कुठले."

"हव."

बल्लारशा येईपर्यंत आम्ही असेच बसलो होतो. मग तिला भूक लागली.

करडी

गावाच्या तोंडाशी ऑटोतून उतरलो. मंडईचे पाळणे उभारले जात होते. मी तिची बॅग उचलून खांद्यावर घेतली.

"बाबा, तिले चाकं हायेत!"

"असू दे."

चाकं वर, मूठ माझ्या कानाशी. अर्ध्या वाटेवर मान वाकडी झाली, कारण पोरीनं बॅगेत काय भरलं होतं देव जाणे. पानठेल्यावरचे लोक विचारू लागले, "का जी, विमान पंक्चर झालं का?" मागून प्रज्ञा मोकळ्या हातांनी येत होती, आणि प्रत्येकाला उत्तर तीच देत होती, "बाबा आले होते आणाले."

सुमन दारात उभी. तिनं आधी पोरीकडे नाही, माझ्या खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं.

"किती वेळ लागला?"

"काल संध्याकाळपासून निघालो हावो."

"मंग यंदा बरोबर गेले तुमी," ती म्हणाली, आणि पोरीला जवळ घेतलं.

मंडई झाली. वडे झाले. माझ्या चपलेत शिंगाड्याच्या साली निघाल्या. चार दिवसांनी प्रज्ञाच्या परतीचा विषय निघाला, तसा मी तिला घेऊन साकोलीला कॉम्प्युटरवाल्याकडे गेलो.

"काका, किती जणं?"

"दोन," मी म्हणालो. दोन बोटंही दाखवली.

"विमानाचं नं?"

"रेल्वेचं. पोचवाले चाललो."

त्यानं बटणं दाबली. चेहरा खुलला. "नशीब हाये काका! दोन कन्फर्म बर्थ हायेत, पाय पसरून जान."

प्रज्ञा माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावली.

"आरएसी नाई का भेटत?"